बादलीला ऊब कधी द्यायची

बिअरच्या यीस्टचं पाकीट आत्ता तसंच राहू दे. माल्टचा डबाही उघडू नकोस. आधी किमान आणि कमाल तापमान दाखवणारा एक साधा थर्मामीटर आण आणि घरातल्या तीन-चार जागी एकेक दिवस-रात्र ठेवून बघ. जिन्याखालचं कपाट, स्वयंपाकघराचा आतला कोपरा, वरची मागची खोली. सगळ्यात उबदार जागा शोधायची नाहीये, सगळ्यात कमी वरखाली होणारी शोधायची आहे.

‘माझं घर सतराला असतं, मावशी’ असं तू फोनवर म्हणालास. सतराला असतो तो तुझा थर्मोस्टॅट, आणि तो दाराजवळच्या बोळात लावलाय. गॅसच्या बिलाला घाबरून तू हीटिंग सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ चालवतोस. मधल्या वेळात, आणि खास करून पहाटे, हॅलिफॅक्समधलं ते जुनं दगडी घर दहा-अकरा अंशांवर उतरत असणार. तू रजईत असतोस म्हणून तुला कळत नाही. बादलीला मात्र ती पहाट रोज काढावी लागते.

बादलीतलं तेवीस लिटर पाणी तासाभरात गार होत नाही हे खरं. पण रोज रात्री थोडंथोडं खाली गेलं की यीस्टचे पुंजके होऊन तळाला बसायला लागतात. इंग्लिश एल जातीच्या बिअरचं यीस्ट तर यात पटाईत. एकदा तळाला बसलं की संध्याकाळी बादली पुन्हा कोमट झाली तरी सगळं यीस्ट वर येतंच असं नाही. म्हणून रात्रंदिवस पंधरा-सोळाला स्थिर राहणारा अंधारा कोपरा हा संध्याकाळी एकवीस आणि पहाटे अकरा दाखवणाऱ्या दिवाणखान्यापेक्षा केव्हाही बरा.

यातलं मूळ शहाणपण माझं नाही. मी १९७१ साली नर्स म्हणून इंग्लंडमध्ये बार्न्सलीला आले, तेव्हा भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी कोळशाच्या खाणीत कामाला होते आणि घरी बिअर करायचे. या देशात १९६३ पर्यंत घरी बिअर करायलाही परवाना लागायचा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली, आणि सत्तरच्या दशकात बूट्ससारख्या औषधांच्या दुकानातही माल्टचे डबे मिळायला लागले. आमचे शेजारी परवान्याच्या काळातही परवान्याशिवाय करत असावेत असा माझा संशय आहे, पण तो विषय निघाला की ते पाइप साफ करायला घ्यायचे.

१९७२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत खाणकामगारांचा मोठा संप झाला. वीजकेंद्रांना कोळसा मिळेना, आणि घरोघरी पाळीपाळीने वीज जायला लागली. म्हणजे संपावर आमचे शेजारीच, आणि अंधारात चाचपडायचं तेही त्यांनीच. बादलीची मात्र त्यांना काळजी नव्हती. तिला दोन जुने कोट घातले, खाली लाकडाची फळी सरकवली आणि मला सांगितलं, पहिले तीन दिवस हिला कोणाची गरज नसते. फेस बसला की मग हिच्याकडे बघायचं.

लोक नेमकं उलटं करतात. पहिल्या दिवशी हीटर, गरम पट्टा, पांघरुणं, सगळा थाट असतो. चौथ्या दिवशी बुडबुडे मंदावले की ‘झालं वाटतं’ म्हणून बटण बंद. मी एवढ्या वर्षांत ज्या फसलेल्या बादल्या बघितल्या, त्यातल्या बहुतेकींची गोष्ट हीच होती.

असं का, ते नीट समजून घे. तेवीस लिटर म्हणजे इथले चाळीस पाइंट. चार टक्क्यांची एवढी बिअर होताना यीस्ट दीड किलोच्या आसपास साखर फस्त करतं, आणि त्यातून उष्णता निघते. ती सगळीच्या सगळी बादलीत अडकून राहिली असती तर ते पाणी आठ-नऊ अंशांनी तापलं असतं. प्रत्यक्षात ती बाजूंनी निसटत राहते. तरी जोराच्या दिवसांत न गुंडाळलेल्या बादलीतही आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश वर असतं, गुंडाळलेलीत त्याहून जास्त. म्हणजे तुझं कपाट पंधराला असेल तर आतली बिअर आपणहून एकोणिसाला जाऊन बसते. आणि साध्या एलला १८ ते २२ च्या मधलंच हवं असतं.

आता यावर तू बाहेरून हीटर लावलास तर? पंचवीसच्या वर जाईल. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत, यीस्ट वाढत असताना, जी जास्तीची उष्णता मिळते तिच्यातूनच नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आणि जड अल्कोहोलं तयार होतात. ती नंतर काढता येत नाहीत, कितीही महिने ठेव. जुन्या बिअरवाल्यांना थंडीपेक्षा उकाड्याची भीती जास्त होती ती यामुळेच. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायलाच बंदी होती. तुझ्या हाती हिवाळा आपसूक आलाय आणि तू त्याला शिव्या देतोयस.

सुरुवात मात्र योग्य तापमानाला व्हायला हवी. यात चालढकल नको. पाकिटावर जो आकडा छापलेला असतो तो द्रवाचा असतो, खोलीचा नाही. म्हणून बादलीला बाहेरून चिकटवायची थर्मामीटरची पट्टी मिळते ती घे. बिअरच्या किटसोबत येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं, साडेतीन लिटर उकळतं पाणी घालून डब्यातला माल्ट विरघळवा आणि वरून गार पाण्याने बादली भरा. जानेवारीत यॉर्कशरच्या नळाला सहा-सात अंशांचं पाणी येतं. गणित करून बघ, सगळं मिसळल्यावर कसंबसं वीस होतं, आणि ढवळता-ढवळता गार बादली त्यातले एक-दोन अंश खाऊन टाकते. म्हणून दुसरी किटली उकळून बाजूला ठेवायची. शेवटचे चार-पाच लिटर हळूहळू घालायचे, पट्टीकडे बघत, कधी गार कधी गरम, आणि एकोणीस-वीसला थांबायचं. उन्हाळ्यात याच कागदाप्रमाणे केलंस तर सत्तावीस-अठ्ठावीसला जाशील. कागद लिहिणाऱ्याला तुझ्या नळाचा पत्ता नसतो.

माल्टच्या डब्याला आधी गरम पाण्यात वीस मिनिटं बसव, म्हणजे पाक पातळ होऊन लवकर ओतला जाईल. आणि यीस्टचं पाकीट फ्रीजमधून काढून लगेच ओतू नकोस, तासभर बाहेर राहू दे.

वीस अंशांवर आलं, यीस्ट पडलं, झाकण लागलं, की मग गुंडाळायचं. हा क्रम महत्त्वाचा. पांघरूण ऊब तयार करत नाही, आत जे आहे ते आत ठेवतं. आपल्याकडे बर्फाची लादी पोत्यात गुंडाळतात ती वितळू नये म्हणून. तेरा अंशांची बादली तू रजईत घातलीस तर तीही तशीच गार राहील, उलट खोली तापली तरी तिला पत्ता लागणार नाही. यीस्ट सुरू व्हायला सहा तास लागतात, कधी चोवीस. तेवढा वेळ पांघरुणाने सुरुवातीचे वीस अंश धरून ठेवायचे, बस.

बादली खाली ठेवताना फरशीवर थेट ठेवायची नाही. दगडी किंवा सिमेंटची जमीन रात्रंदिवस ऊब ओढत असते, आणि वर तीन रजया असल्या तरी खालून गळती चालूच राहते. लाकडाची फळी किंवा पॅकिंगमध्ये येतो तो थर्माकोल, दोन बोटं जाडीचा. त्यावर बादली. रस्त्याकडच्या भिंतीला टेकवू नकोस, आतल्या भिंतीला ठेव. आणि खिडकीत अजिबात नको. ऊन लागलं की हॉप्समधल्या कडू द्रव्याचं असं काही होतं की बिअरला कुजकट वास मारतो. पारदर्शक भांडं असेल तर कपडा हवाच.

गुंडाळायला जुनी झोपायची पिशवी सगळ्यात सोयीची, चेन असते म्हणून. जुना कोट चालतो. तुझ्या आईने साताऱ्याहून दिलेली गोधडी मात्र वापरू नकोस. यीस्ट जोरात असलं की फेस झाकणातल्या, वायू बाहेर सोडणाऱ्या एअरलॉकमधून वर उसळतो आणि तो चिकट तपकिरी डाग लुगड्यांच्या शिवणीतून निघत नाही. पहिले तीन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लाव आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत बुडव, म्हणजे फेसाला वाट मिळेल. कपाटाचं दार थोडं उघडं राहू दे. या एका बादलीतून पावणेचारशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि जिन्याखाली तू वाकून डोकं घालणार.

आता यंत्रांचं. बाजारात चिकार आहेत, आणि माझं मत विचारशील तर सगळ्यात चांगलं यंत्र बागकामाच्या दुकानात आणि माशांच्या दुकानात मिळतं. बागेतला पाला उचलायचा मोठा लवचिक प्लॅस्टिकचा टब घे, बादली आरामात मावेल असा. बादली आत ठेव आणि आजूबाजूला पाणी भर, आतल्या बिअरच्या निम्म्याच्या वर येईल इतकं. त्या पाण्यात माशांच्या टाकीचा हीटर बुडव, ज्याला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो तो, पन्नास किंवा शंभर वॉटचा.

हे मला आवडतं कारण पाणी दोन्हीकडून काम करतं. पहिले तीन दिवस हीटर बंद. यीस्टची उष्णता वाढली तर भोवतीचं पाणी ती झेलतं आणि बादली उकाड्यात जात नाही. वीज गेली, हीटिंग बंद पडलं, तरी एवढ्या पाण्याला गार व्हायला वेळ लागतो. आणि फेस बसला की हीटर विसावर लावून सोडून द्यायचा. टबाला बाहेरून एखादं जुनं कांबळं गुंडाळलं तर हीटरला फार राबावं लागत नाही. तेवीस लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते, म्हणजे दीडेक किटली उकळण्याइतकी. खर्च तापवण्यात नसतोच, तो निसटलेली ऊब पुन्हापुन्हा भरण्यात असतो.

हीटर विकत घ्यायचा नसेल तर दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्या टबात सोड, सकाळ-संध्याकाळ बदल. गरम म्हणजे हाताला सोसेल असं, उकळतं नाही, बाटली चिंबते.

पाणी आणि वीज शेजारी आली की मी नर्सच्या आवाजात बोलणार, ते ऐकून घे. हीटर पाण्याबाहेर काढायच्या आधी प्लग काढायचा आणि दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर काच तडकते. टबात हात घालायच्या आधीही प्लग काढायचा. पाणी उडून कमी होतं, ते रोज बघायचं. हीटर अर्धा उघडा पडता कामा नये. वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली झोल देऊन पुन्हा वर जाऊ दे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोलाशीच गळून पडेल, सॉकेटपर्यंत जाणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको.

बादलीला बांधायचा गरम पट्टा मिळतो, पंचवीस वॉटच्या आसपासचा. ठीक आहे. दिवसभर चालला तर अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज खातो. पण त्याला बहुधा थर्मोस्टॅट नसतो, तो तापतच राहतो, त्यामुळे खोली गरम असली की बिअर हाताबाहेर जाते. पट्टा खाली बांधला की जास्त तापवतो, वर सरकवला की कमी. त्यावर रजई घालायची नाही. काचेच्या बरणीला बांधायचा नाही. वेळ लावायचा साधा टायमर जोडून एक तास चालू, एक तास बंद असं करता येतं. तेवढं पुरतं.

रेडिएटरशेजारी बादली ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या घरची बिअर नम्रपणे नाकारते.

आणि ते प्रसिद्ध कपाट. इथल्या जुन्या घरांत गरम पाण्याची तांब्याची टाकी ज्या कपाटात असते, कपडे सुकवायचं, तिथे बादली ठेवा असं तुला प्रत्येक इंग्रज सांगेल. टाकीतलं पाणी साठ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, लिजिओनेलासारखे जंतू वाढू नयेत म्हणून. त्यामुळे कपाट पंचवीस आणि वर जातं. माझं इडलीचं पीठ त्याच कपाटात फुगायचं आणि त्याच्यासाठी ते उत्तमच होतं. बिअर पहिल्या दिवसापासून तिथे ठेवली तर केळ्यांचा वास मारते. शेजारी बादली तिथे न्यायचे, पण चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि दोन-तीन दिवसांसाठीच. तुझ्या घरात कॉम्बी बॉयलर आहे, टाकी नाही, तेव्हा या मोहातून तू आपोआप सुटलास.

फेस बसल्यानंतरचे दिवस हेच खरे सांभाळायचे. तोवर बहुतेक साखर संपलेली असते, म्हणजे यीस्टची स्वतःची उष्णताही संपलेली असते. बादली खोलीच्या तापमानाकडे घसरायला लागते, आणि नेमकं तेव्हाच उरलेलं अवघड काम बाकी असतं. शेवटची साखर, आणि डायअॅसिटिल. हे द्रव्य यीस्ट स्वतःच तयार करतं आणि जागं असेल तर पुढे स्वतःच गिळून टाकतं. गारठून तळाला बसलं तर ते बिअरमध्येच राहतं, आणि बिअरला लोण्याचा वास येतो. पॉपकॉर्नवर चांगला वाटतो, बिअरमध्ये नाही. म्हणून आता २० किंवा २१ वर ने, आणि तीन-चार दिवस तिथेच धर. या टप्प्यावर एखादा अंश वर गेला तरी वाईट वासांची भीती नाही; ती द्रव्यं सुरुवातीच्या वाढीच्या वेळची. दिवसातून एकदा बादलीला हलकी गिरकी दे, झाकण न उघडता. चमचा घालून ढवळू नकोस, आता हवा आत गेली की बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नकोस. थंड घरात ते खोटं बोलतात. सकाळी हीटिंग सुरू झालं की बादली कोमट होते, विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि एअरलॉक डुबुक-डुबुक करतो, तुला वाटतं काम चालू आहे. रात्री गार झालं की आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधलं पाणीच आत ओढलं जातं. म्हणून त्यात नळाचं पाणी नको, उकळून गार केलेलं घाल.

खरं काय ते द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सांगतो. सुरुवातीला १.०४० असेल, तर शेवटी १.०१० च्या आसपास यायला हवं, आणि दोन दिवसांच्या अंतराने सारखाच आकडा दोनदा मिळायला हवा. नमुना विसाला आणून मोज, बहुतेक नवे हायड्रोमीटर त्याच तापमानाला जुळवलेले असतात. मोजून झालं की नमुना चाखायचा किंवा फेकायचा, बादलीत परत ओतायचा नाही.

आकडा १.०२० ला दोन दिवस अडकलाय आणि बादली चौदाला आहे, तर घाबरून नवं यीस्ट आणायला धावू नकोस. एकवीसला ने, गिरक्या दे, तीन दिवस थांब. बहुतेक वेळा निघतं.

घर थंडच आहे, ऊब द्यायची इच्छाही नाही, असं असेल तर यीस्टच बदल. लागरचं यीस्ट थंडीसाठीच बनलेलं आहे, दहा ते बारा अंशांवर निवांत काम करतं. ते एलच्या यीस्टचा आणि एका रानटी, थंडी सोसणाऱ्या यीस्टचा संकर आहे. तो रानटी पूर्वज २०११ साली पॅटागोनियाच्या जंगलात सापडला, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला. तुझ्या मागच्या दाराजवळची ती सामानाची खोली हिवाळ्यात दहा-अकराला असते ना? लागरला ती खोली दे. यीस्ट दुप्पट घाल, दोन पाकिटं. वेळ जास्त लागतो. एक मात्र बघून घे. डब्यावर ‘लागर’ छापलंय म्हणून आतलं पाकीट लागरच्या यीस्टचं असेलच असं नाही, कित्येक किटमध्ये एलचंच असतं, आणि मग ते दहा अंशांत झोपून जातं. शेवटी लागरलाही सोळा-सतरावर दोन-तीन दिवस आणावं लागतं, त्याच लोण्याच्या वासासाठी.

याच्या अगदी उलट क्वाइक. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात राखलेलं यीस्ट, ते लोक ते लाकडाच्या कड्यांवर किंवा कापडावर वाळवून ठेवायचे. त्याला तीस ते चाळीस अंश चालतात आणि बिअर बिघडत नाही. व्हॉसकडच्या क्वाइकला तर संत्र्यासारखा सुरेख वास येतो. थंड देशातलं यीस्ट गरम पाणी मागतं याचं तुला नवल वाटेल. पण ते शेतकरी माल्टच्या कोमट रसातच यीस्ट घालायचे, त्याला तेच वळण. दोन-तीन दिवसांत काम उरकतं. ज्याला पाण्याच्या टबात हीटर बत्तीसला लावून मोकळं व्हायचंय त्याने हे आणावं. फक्त या बाबतीत माझा आधीचा सगळा उपदेश विसरायचा आणि पहिल्या तासापासून ऊब द्यायची.

तुझ्या बाबांनी परवा विचारलं की हे पुण्यात जमेल का. त्यांना सांग, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, घरात प्यायला केलं तरी. इकडे स्वतःपुरती बिअर करायला मोकळीक आहे, विकायची मात्र नाही, आणि ऊर्ध्वपातन तर अजिबात नाही. बाबांनी इकडे येऊन प्यावी.

राहिल्या बाटल्या, आणि यात गंमत नाही. थंड घरातला सगळ्यात मोठा धोका बादलीत नसतो, बाटलीत असतो. गारठ्याने यीस्ट झोपलं, तू समजलास संपलं, १.०१८ ला बाटल्या भरल्यास. फेब्रुवारीत काही होत नाही. मे महिन्यात घर तापतं, यीस्ट जागं होतं, उरलेली साखर खातं आणि काच फुटते. वॉर्डात मी अशा काचेने चिरलेला हात शिवताना पाहिलाय. म्हणून १.०१० च्या आसपास दोन सारखे आकडे मिळाल्याशिवाय बाटली नाही, कितीही घाई असली तरी.

अर्ध्या लिटरच्या बाटलीला अर्धा सपाट चमचा साखर, म्हणजे दोन-तीन ग्रॅम. बिअर शेवटपर्यंत थंडीतच झाली असेल, कधीच पंधराच्या वर गेली नसेल, तर त्याहूनही कमी, कारण गार बिअरमध्ये वायू आधीच जास्त विरघळलेला असतो. मग बाटल्या दोन आठवडे उबेत, १८ ते २० ला. बरेच जण इथे चुकतात, बाटल्या भरल्या की थेट शेडमध्ये नेऊन ठेवतात आणि महिन्याने ‘वायूच आला नाही’ म्हणतात. तिथे चार अंशांत कुठून येणार? बादलीचा टब आता रिकामा झालाय, पाणी काढून त्यातच बाटल्या उभ्या कर, वरून ती झोपायची पिशवी टाक, आणि शेजारी गरम पाण्याच्या दोन बाटल्या, त्या रोज बदलायच्या.

एक बाटली काचेऐवजी प्लॅस्टिकची भर, सोड्याची धुतलेली चालेल. रोज अंगठ्याने दाबून बघ. पहिल्या दिवशी दबते, आठवड्याने ताठ होते. दगडासारखी घट्ट झाली की बाकीच्याही तयार आहेत असं समज, आणि मग सगळ्या मागच्या थंड खोलीत हलव, तीन आठवडे तरी. ती दोन आठवड्यांच्या आधीच दगड झाली आणि फुगायला लागली, तर काचेच्या बाटल्यांना हात लावायच्या आधी जाड हातमोजे आणि चष्मा घाल, एकेक करून सिंकमध्ये झाकण सैल कर, आणि मला फोन कर.